जिन्यातल्या तारेचा धनी

हैदराबादच्या कोणत्याही जुन्या सरकारी वसाहतीच्या गच्चीवर सकाळच्या उन्हात घटकाभर उभे राहिले, म्हणजे गेल्या अर्ध्या शतकातील दूरचित्रवाणीचा इतिहास तेथे थराथरांनी साचलेला दिसतो. पाण्याच्या टाकीच्या आधाराला गंजलेल्या पट्ट्यांनी आवळलेला ॲल्युमिनियमच्या काड्यांचा तो पहिला अँटेना, ज्याच्या निम्म्या काड्या वाऱ्याने आणि उरलेल्या माकडांनी वाकविल्या आहेत. त्याच्या पायथ्याशी केबलवाल्याची पत्र्याची पेटी, जिच्यातून निघालेल्या काळ्या तारा कठड्यावरून ओघळत खिडक्याखिडक्यांतून आत शिरल्या आहेत. आणि कठड्याच्या कडेने बसविलेल्या छत्र्या, कोणी दक्षिणेकडे, कोणी आग्नेयेकडे, कोणी त्याहूनही पूर्वेकडे तोंड करून, जणू एकाच घरातील भावंडांनी वाटण्या झाल्यावर एकमेकांशी बोलणे सोडावे तशा.

या सर्व पसाऱ्याचा हेतू एकच, की आकाशातून येणारे चित्र खालच्या घरांत नीट उतरावे. आणि तरीही हा पसारा कोणाच्या मालकीचा, तो बिघडला तर दुरुस्त कोणी करावयाचा, आणि काळ बदलला तर त्याचे नूतनीकरण कोणाच्या हुकमाने व कोणाच्या पैशाने व्हावयाचे, असे विचारले तर त्या इमारतीत उत्तर देणारा माणूस भेटत नाही. जी घरे सार्वजनिक पैशाने बांधली गेली आणि ज्यांत अनेक कुटुंबे एका छपराखाली व एका जिन्याने नांदतात, अशा घरांत दूरचित्रवाणी सामाईक साधनांनी पोहोचवावी की ज्याने त्याने आपापली सोय पाहावी, हा प्रश्न ॲनालॉग प्रक्षेपणाच्या काळात गौण होता. प्रक्षेपण डिजिटल झाल्यावर तो निकडीचा झाला. प्रस्तुत लेखात त्या प्रश्नाचा आढावा घ्यावयाचा आहे, आणि तो हैदराबादच्या उंबऱ्यावर उभे राहून घ्यावयाचा आहे.

हैदराबादचीच निवड करण्यास कारण आहे. अनेकांनी मिळून एका संचापुढे बसावे, ही कल्पना भारतात सर्वांत भव्य प्रमाणावर अमलात आली ती १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात, 'साइट' या नावाने ओळखल्या गेलेल्या उपग्रहप्रयोगात. आणि त्या प्रयोगासाठी खेड्याखेड्यांत जे संच बसविले गेले ते याच शहरातील इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया या सरकारी कारखान्यात तयार झाले होते. सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेडी निवडली होती. त्यांत तेलंगणातील मेदक व महबूबनगर जिल्ह्यांचा, तसेच निजामी अमलात आपल्या मराठवाड्याचे शेजारी असलेल्या गुलबर्गा व रायचूर जिल्ह्यांचा समावेश होता. अमेरिकेचा 'एटीएस-६' हा उपग्रह आफ्रिकेच्या माथ्यावर, ३५ अंश पूर्व रेखांशावर आणून ठेवला होता. त्यामुळे कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीपासून बनविलेली सुमारे तीन मीटर व्यासाची छत्री तेलंगणाच्या खेड्यांत मावळतीच्या बाजूला तोंड करून उभी असे. सकाळी शाळेच्या मुलांसाठी आणि संध्याकाळी सर्वांसाठी, मिळून दररोज चार तास कार्यक्रम होत.

या प्रयोगातील उपग्रहाचे कौतुक सर्वांनी केले. मला मात्र त्यातील एका साध्या बाबीचे महत्त्व अधिक वाटते. संच गावाच्या स्वाधीन करण्यापूर्वीच त्याचा राखणदार नेमला होता, पुष्कळ गावी तो शाळेचा शिक्षक असे. आणि संच नादुरुस्त झाल्यास जीपगाडीने येऊन तो दुरुस्त करणाऱ्या पथकांची केंद्रे आखून ठेवली होती. वस्तू सामाईक असेल तर तिचा सांभाळ करणारा नावानिशी ठरलेला असला पाहिजे, हे शहाणपण त्या योजनेच्या आराखड्यातच होते. पुढच्या पन्नास वर्षांत आपण उपग्रह अनेक उडविले, परंतु हे शहाणपण शहराच्या जिन्यात आणावयाचे मात्र राहून गेले.

सार्वजनिक घरबांधणीची परंपराही या शहराला जुनी आहे. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसा नदीला आलेल्या महापुराने शहराचा मोठा भाग वाहून नेल्यानंतर पुनर्रचनेचा जो विचार सुरू झाला, त्यातून १९१२ साली 'आराइश-ए-बलदा' म्हणजे नगरसुधार मंडळ स्थापन झाले. त्या मंडळाने गलिच्छ वस्त्या हटवून हवेशीर घरे उभी करण्याची तजवीज केली, आणि १९६० साली त्याचे काम गृहनिर्माण मंडळाकडे वर्ग झाले. संजीव रेड्डी नगर, वेंगळराव नगर, कुकटपल्लीची विस्तीर्ण वसाहत ही सर्व त्या मंडळाची अपत्ये. 'घर' या शब्दात चार भिंती व छप्पर यांपलीकडे काय काय येते, याचा विचार अशा मंडळांना पिढीगणिक नव्याने करावा लागला आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी त्यात गटार आले, मग नळ आला, मग वीज आली. चित्र आणणारी तार ही त्या मालिकेतील पुढची बाब होती, परंतु ती सरकारी मालिकेत शिरली नाही. ती बाहेरून, खिडकीवाटे आली.

हैदराबादचे दूरदर्शन केंद्र २३ ऑक्टोबर १९७७ रोजी सुरू झाले. रामंतापूरच्या त्या केंद्राची एकच वाहिनी, तीही थोड्या तासांची, त्यामुळे ज्याला परवडले त्याने गच्चीवर आपली काडी उभारली आणि तिची दिशा साधण्यास मुलाला वर उभे करून खालून ओरडावे, एवढीच यंत्रविद्या पुरेशी होती. १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांबरोबर रंग आला, संच वाढले, कठडे काड्यांनी भरले. तेव्हा काही इमारतींतून रहिवाशांनी वर्गणी काढून एकच उंच अँटेना, एक वर्धक आणि त्यातून प्रत्येक घरी एक तार, अशी सामाईक व्यवस्था उभी केली. १९९१ च्या आखाती युद्धानंतर परदेशी वाहिन्यांची हवा आली. कोणी उत्साही तरुणाने गल्लीच्या तोंडाशी मोठी छत्री बसविली आणि रस्त्यावरच्या खांबांवरून तारा ओढीत त्याच सामाईक जाळ्यांना आपले जाळे जोडले. आपल्या देशातील केबलचा व्यवसाय असा उगवला, आणि १९९५ च्या केबल टेलिव्हिजन जाळी नियमन कायद्याने त्याला सनद दिली. परंतु कायदा झाला तेव्हा इमारतीच्या आतील तार आधीच तेथे लोंबत होती, आणि ती कोणाची हे विचारण्याची गरज कोणालाच भासली नाही.

न भासण्याचे कारण असे, की ॲनालॉग चित्र हे फार सोशिक असते. तार जुनी झाली, सांधा सैल झाला, पावसाचे पाणी आत शिरले, तर पडद्यावर मुंग्या येत. त्या वाढत जात, परंतु मुंग्यांच्या पलीकडे निवेदिकेचा चेहरा दिसतच राही आणि बातम्या ऐकू येतच राहत. डिजिटल चित्राला असा सोशिकपणा नाही. लहरींचे बळ एका मर्यादेच्या वर असेपर्यंत ते काचेसारखे स्वच्छ असते. मर्यादेच्या किंचित खाली येताच चित्राचे चौकोन फुटतात, आवाज तुटतो, आणि पुढच्या क्षणी 'सिग्नल नाही' अशी पाटी उरते. त्यामुळे जी तार वीस वर्षे रडतखडत चालली, तीच नव्या काळात एकाएकी निकामी ठरली, आणि ती निकामी झाली आहे हे न कळल्याने दोष भलत्यावरच गेला.

याचे एक उदाहरण मी अगदी जवळून पाहिले आहे. मी राहतो त्या चार मजली इमारतीत तळमजल्यावर एक वृद्ध काकू राहतात. जन्म परभणीकडचा, परंतु हयात हैदराबादेत गेली. संध्याकाळच्या मराठी बातम्या हा त्यांचा माहेराशी उरलेला रोजचा धागा. एके दिवशी जिन्यात गाठ पडली तेव्हा म्हणाल्या, "बाकी सगळं लागतं की हो भाऊ, आपलं सह्याद्रीच तेवढं गेलंय. सरकारनं बंदच केलं का काय?" तीच वाहिनी चौथ्या मजल्यावर माझ्या घरी उत्तम दिसत होती. आठ-पंधरा दिवसांनी लहरींचे बळ मोजण्याचा छोटा मापक घेतलेला एक कारागीर मिळाला, आणि आम्ही दोघे गच्चीपासून खाली उतरत प्रत्येक मजल्यावर आकडा पाहत गेलो. वर अडुसष्ट होता. तिसऱ्या मजल्यावर एकसष्ट. दुसऱ्या व पहिल्या मजल्यांच्या मधल्या वळणावर, विजेच्या मीटरांच्या फळीमागे, काळ्या चिकटपट्टीच्या गुंडाळ्यात एक स्प्लिटर सापडला, ज्याच्या तोंडांवर शेवाळासारखा हिरवा गंज चढला होता आणि ज्याच्या एका रिकाम्या तोंडाला कोणीतरी तारेचे उघडे टोक तसेच खुपसून ठेवले होते. त्याच्या खाली आकडा एक्केचाळीसवर आला.

एकच वाहिनी का जावी, हे कोडे त्या कारागिराने उलगडून सांगितले, आणि ते वाचकांपुढे ठेवण्यासारखे आहे. डिजिटल केबलमध्ये प्रत्येक वाहिनीला स्वतंत्र जागा नसते. दहा-पंधरा वाहिन्यांची एकेक मोट बांधून ती एका लहरीवर पाठविलेली असते. काही मोटा खालच्या पट्टीत असतात, काही वरच्या. आणि तारेचा धर्म असा, की पट्टी जितकी वरची तितकी लहर तारेत अधिक खर्ची पडते. घरोघरी वापरतात त्या साध्या को-ॲक्सिअल तारेत आठशे साठ मेगाहर्ट्झच्या आसपास शंभर मीटरला सुमारे वीस डेसिबल घट येते, म्हणजे वरून निघालेल्या शक्तीचा शंभरातील एक हिस्सा खाली पोहोचतो. त्यात प्रत्येक स्प्लिटर आपला वाटा घेतो, आणि गंजलेला स्प्लिटर वाट्याहून पुष्कळ अधिक घेतो. सह्याद्री ज्या मोटेत होती ती वरच्या पट्टीतली. म्हणून तिच्यासह डझनभर वाहिन्या तळमजल्यावर पोहोचेनाशा झाल्या होत्या. काकूंना त्यांतील एकीचीच चाड होती, म्हणून त्यांना एकच गेलेली दिसली. १९९५ च्या कायद्याच्या आठव्या कलमानुसार दूरदर्शनच्या अधिसूचित वाहिन्या प्रत्येक केबलचालकाने पाठविल्याच पाहिजेत, आणि त्या यादीत सह्याद्रीही आहे. कायद्याचे पालन झाले होते. वाहिनी निघाली होती, आमच्या इमारतीपर्यंत आली होती, आणि पहिल्या मजल्याच्या वळणावर नाहीशी झाली होती.

डिजिटल संक्रमणाचा सरकारी इतिहास वाचताना हे वळण डोळ्यांसमोर ठेवावे असे मला वाटते. २०११ च्या अखेरीस कायद्यात दुरुस्ती होऊन केबलचे सक्तीचे डिजिटलीकरण चार टप्प्यांत करावयाचे ठरले. महानगरांनंतर दुसऱ्या टप्प्यात अडतीस शहरे होती, त्यांत हैदराबाद होते, आणि त्यांच्यासाठी ३१ मार्च २०१३ ही मुदत होती. शेवटच्या टप्प्याची मुदत वाढत वाढत ३१ मार्च २०१७ वर आली. पुढे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने दरांची नवी घडी बसविली: फेब्रुवारी २०१९ पासून शंभर वाहिन्यांपर्यंत जोडणीचे कमाल शुल्क कर वगळून १३० रुपये, २०२० पासून त्याच रकमेत दोनशे वाहिन्या, आणि २०२४ साली ही कमाल मर्यादाच उठविली. या सर्व हुकूमनाम्यांत मुख्य केंद्राची जबाबदारी आहे, स्थानिक चालकाची आहे, घरातील पेटीची आहे, ग्राहकाच्या अर्जाची व पावतीची आहे. रस्त्यावरचा खांब आणि घरातील पेटी यांच्या मधल्या साठ-सत्तर मीटर तारेची मात्र स्पष्ट वासलात कोठे लावलेली नाही. ती चालकाने टाकली असेल तर तो ग्राहक सोडून गेल्यावर तिला टाकून देतो. रहिवाशांनी टाकली असेल तर ती टाकणारे रहिवासी एव्हाना घर विकून गेलेले असतात.

इंग्लंडमधील नगरपालिकांच्या घरांचा दाखला येथे मुद्दाम देतो, कारण तेथे हाच प्रश्न उलट्या टोकाने सुटला. युनायटेड किंगडममध्ये ॲनालॉग प्रक्षेपण २००७ च्या अखेरीस व्हाइटहेवन या गावापासून बंद होऊ लागले आणि २४ ऑक्टोबर २०१२ रोजी उत्तर आयर्लंडमध्ये संपले. पालिकांच्या बहुमजली इमारतींवर सामाईक अँटेने होते. छप्पर पालिकेचे, जिना पालिकेचा, म्हणून तारही पालिकेचीच, याविषयी वाद नव्हता. मक्ते काढले गेले, जुने वर्धक उतरले, आणि बहुतेक ठिकाणी भूपृष्ठीय प्रक्षेपण, रेडिओ व उपग्रह या तिन्ही वाटा एकाच जाळ्यातून देणारी व्यवस्था बसली, जेणेकरून दर्शनी भिंतींवरच्या खासगी छत्र्या उतरविता याव्यात. वाद झाला तो खर्चाचा. १९८० च्या गृहनिर्माण कायद्याने ज्या भाडेकरूंनी आपली घरे विकत घेतली होती, त्यांच्याकडे हिश्शाचे बिल गेले. दरडोई हिस्सा अडीचशे पौंडांवर जात असेल तर १९८५ च्या घरमालक-भाडेकरू कायद्याप्रमाणे आधी त्यांचे म्हणणे ऐकून घेणे पालिकेस बंधनकारक होते, आणि आम्हांला न मागितलेली सोय आमच्या माथी का मारता, असे पुष्कळांनी विचारले. तक्रार रास्तच असेल. परंतु ती करण्यासाठी समोर कोणीतरी होते, हे आम्हा हैदराबादकरांना हेवा वाटावा असे आहे. सिंगापूरने आणखी सरळ मार्ग काढला: तेथील सुमारे ऐंशी टक्के लोक सरकारी गृहमंडळाच्या घरांत राहतात, आणि २०१९ च्या आरंभी ॲनालॉग बंद करण्यापूर्वी, पैसे भरून वाहिन्या न घेणाऱ्या त्या घरांना डिजिटल पेटी व अँटेना घेण्यास सरकारनेच साहाय्य केले.

इंग्रजी नमुना आपल्याकडे जसाच्या तसा उचलता येणार नाही, कारण भूपृष्ठीय डिजिटल प्रक्षेपणाची वाट आपण अर्धवट सोडली. २५ फेब्रुवारी २०१६ रोजी दूरदर्शनने ज्या सोळा शहरांत ते सुरू केल्याचे जाहीर केले, त्यांत जुन्या निजामी मुलखातील औरंगाबाद होते आणि खुद्द राजधानी हैदराबाद नव्हते. मार्च २०२२ पर्यंत, सीमाभागातील व मोक्याची काही वगळता, ॲनालॉग प्रक्षेपकही बंद झाले. गच्चीवरची ती वाकलेली काडी आता खऱ्या अर्थाने मुकी झाली आहे. फुकट चित्राची जी एक सार्वजनिक वाट आज उरली, ती उपग्रहाची: १६ डिसेंबर २००४ रोजी तेहतीस वाहिन्यांनिशी सुरू झालेली दूरदर्शनची सेवा, जिला आज 'डीडी फ्री डिश' म्हणतात. एकदा छत्री व पेटी घेतली, की दरमहा काही भरावे लागत नाही. आणि काकूंची सह्याद्री तीवर आहे.

आता येथे भूमितीचा प्रश्न येतो, आणि माझ्या मते सामाईक व्यवस्थेच्या बाजूचा सर्वांत बळकट युक्तिवाद तोच आहे. फ्री डिशचा उपग्रह ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे. हैदराबादहून तो आग्नेयेस, क्षितिजापासून सुमारे त्रेसष्ट अंश उंचीवर येतो. म्हणजे ज्या घराची गॅलरी उत्तरेस किंवा पश्चिमेस आहे त्याला तो कधीही दिसणार नाही. आणि ज्याची गॅलरी आग्नेयेस आहे त्यालाही, डोक्यावर वरच्या मजल्याच्या गॅलरीची लादी असल्याने, छत्री बाहेर हवेत लोंबकळत ठेवल्याखेरीज दिसणार नाही. एकमजली बैठ्या घराला फ्री डिश ही देणगी आहे. दहा मजल्यांच्या इमारतीत ती, गच्चीवर हक्क सांगू शकणाऱ्या मोजक्यांची मिरास होऊन बसते. गच्चीवरून तिसऱ्या मजल्यावर तार सोडावी तर छत्रीतून उतरणाऱ्या लहरी ९५० ते २१५० मेगाहर्ट्झच्या, ज्यांची घट केबलच्या लहरींहून पुष्कळच अधिक. आणि जिन्यातले जुने स्प्लिटर त्या पट्टीसाठी बनविलेलेच नसतात. खासगी सेवांची गोष्ट आणखी निराळी: टाटा प्लेचा उपग्रह ८३ अंशांवर, एअरटेलचा १०८.२ अंशांवर, एकाची पेटी दुसऱ्याच्या छत्रीला चालत नाही. पेट्या परस्परांना चालाव्यात अशी शिफारस नियामक प्राधिकरणाने एप्रिल २०२० मध्ये केली, तिचा अंमल झाला नाही. अशा स्थितीत सर्व रहिवाशांना समान असलेली एकच गोष्ट उरते, ती म्हणजे फुकट वाहिन्यांची सार्वजनिक छत्री.

यंत्राच्या दृष्टीने ही गोष्ट अवघड नाही. एक चांगली छत्री, त्या पट्टीला लायक असा वर्धक, मजल्यामजल्यावर नव्या जातीच्या वाटप-पेट्या, आणि मोठ्या इमारतीत तांब्याऐवजी प्रकाशतंतूची उभी वाहिनी, एवढ्यावर शेकडो घरांचे काम भागते. उपग्रहाची लहर थेट समजणारा दूरचित्रवाणी संच कसा असावा याचे 'आयएस १८११२' हे मानक भारतीय मानक ब्यूरोने काढले आहे. तसे संच सर्रास आले, तर फुकट वाहिन्यांसाठी स्वतंत्र पेटीचीही गरज राहणार नाही, भिंतीतील सामाईक तोंडाला संच जोडला की झाले. भिंतीत ते तोंड मात्र असले पाहिजे.

ही सर्व चर्चा तेलंगणाच्या नव्या घरांसाठी तातडीची आहे. 'डबल बेडरूम' या नावाने लोकांच्या तोंडी बसलेली राज्याची योजना २०१५ साली सुरू झाली. सिकंदराबादच्या भोईगुड्यातील आयडीएच कॉलनीत ३९६ घरे त्याच वर्षी दिली गेली. तेथून शहराच्या पश्चिमेस कोल्लूरपर्यंत या योजनेने मजल मारली, जेथे २२ जून २०२३ रोजी १५,६६० घरांच्या वसाहतीचे उद्घाटन झाले: ११७ इमारती, नऊ ते अकरा मजल्यांच्या. घर ५६० चौरस फुटांचे, दोन बेडरूम, एक हॉल, स्वयंपाकघर. झोपडीच्या पत्र्यावर छत्री ठेवून फ्री डिश पाहणारे कुटुंब जेव्हा अशा इमारतीच्या सहाव्या मजल्यावर, वायव्येच्या घरात राहावयास जाते, तेव्हा त्याला पक्के छप्पर, नळ, शौचालय, लिफ्ट हे सर्व मिळते, आणि फुकट दूरचित्रवाणी, जी त्याच्यापाशी आधीच होती, ती हिरावली जाते. तिच्या जागी दरमहा काही शे रुपयांचे बिल येते. आपल्या मुंबईतही हीच वेळ येऊ घातली आहे. १४ ऑगस्ट २०२५ रोजी वरळीच्या बीडीडी चाळींतील पहिल्या ५५६ कुटुंबांना ज्या उत्तुंग इमारतींतील घरांच्या किल्ल्या मिळाल्या, तेथे चाळीच्या छपरावर चढून काडी फिरविण्याची सोय अर्थातच नाही.

यावर आक्षेप येतो तो असा, की आता सर्व काही इंटरनेटवरून येते, तरुण मंडळी मोबाइलवर पाहतात, मग छत्रीची ही उठाठेव कशाला? आक्षेप वजनदार आहे. परंतु इंटरनेटची तारही त्याच जिन्यातून येते, त्याच खांबावरून येते, आणि तिचाही धनी तितकाच अनिश्चित आहे. १७ ऑगस्ट २०२५ च्या रात्री, ज्या रामंतापुरात दूरदर्शनचे केंद्र आहे त्याच भागात, गोकुळाष्टमीच्या मिरवणुकीतील रथाचा विजेच्या तारेशी संपर्क येऊन पाच जण प्राणाला मुकले. त्यानंतर वीज वितरण कंपनीने शहरभरच्या खांबांवरील केबलचे गुंते उतरविण्याची मोहीम हाती घेतली, अनेक भागांत इंटरनेट बंद पडले, आणि प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. ज्या गुंत्याकडे तीस वर्षे कोणी पाहिले नाही, त्याकडे पाच घरे उजाड झाल्यावर सर्वांचे लक्ष गेले. तो गुंता रस्त्यावर संपत नाही. तोच वळून आपल्या जिन्यात येतो. शिवाय महिन्याचा रिचार्ज संपला की मोबाइलवरचे चित्र संपते. तळमजल्यावरच्या काकूंना व सहाव्या मजल्यावरच्या मजुराला चित्र हवे ते रिचार्जवाचून.

म्हणून माझी मागणी मर्यादित आहे, पण ती ठाम आहे. सार्वजनिक पैशाने उभ्या राहणाऱ्या प्रत्येक बहुमजली इमारतीत, घरांचा ताबा देण्यापूर्वीच, गच्चीपासून तळमजल्यापर्यंत तारांसाठी एक स्वतंत्र उभी वाट ठेवावी, जिचा वापर कोणाही चालकाला समान अटींवर करता येईल. त्या वाटेतून फुकट वाहिन्यांचे सामाईक जाळे प्रत्येक घरापर्यंत आणावे. आणि हे जाळे, पाण्याची मोटार किंवा लिफ्ट जशी, तसे सामाईक मालमत्तेच्या यादीत शब्दशः नोंदवावे. आंध्र प्रदेशाच्या १९८७ च्या अपार्टमेंट कायद्यात, जो तेलंगणातही चालू राहिला, जिने, छप्पर आणि सामाईक वापराची साधने ही सर्वांची मानलेली आहेत. अँटेना व तार त्यांत नाव घेऊन घातली, की दुरुस्तीचा खर्च देखभाल-वर्गणीतून करण्यास कोणाची हरकत उरणार नाही. दिशाही अनुकूल आहे: नियामक प्राधिकरणाने २५ ऑक्टोबर २०२४ रोजी इमारतींना डिजिटल जोडणीच्या सोयीनुसार दर्जा देण्याचे विनियम काढले आहेत. ते ऐच्छिक आहेत, आणि बांधकाम व्यावसायिक आपल्या महागड्या इमारतींसाठी तो दर्जा हौसेने घेतील हे उघड आहे. सरकारने तो प्रथम आपल्या घरांसाठी घ्यावा.

जुन्या वसाहतींत काम अधिक कठीण, कारण तेथे घरे विकली गेली, मंडळाचा अंमल उठला, आणि रहिवाशांचा संघ असला तर असला. तेथे सरकारी हुकमाची वाट पाहण्यात अर्थ नाही. छोट्या गोष्टीने आरंभ करावा लागतो. आमच्या इमारतीत तो गंजका स्प्लिटर बदलल्यावर मापक पुन्हा लावला, तेव्हा तळमजल्यावर आकडा अठ्ठावन्न आला आणि काकूंच्या पडद्यावर सह्याद्री उमटली. तो खर्च मी आणि दुसऱ्या मजल्यावरच्या तेलुगू मास्तरांनी आपसात वाटून घेतला होता. परंतु पुढच्या मासिक बैठकीत मास्तरांनीच हट्ट धरला, की हे असे दोघांच्या खिशातून व्हावयाचे नाही. संघाच्या वहीत सामाईक बाबींचे एक पान आहे: पाण्याची टाकी, मोटार, जिन्यातले दिवे. त्याखाली आता चौथी ओळ आहे, मास्तरांच्या अक्षरात, मराठी आणि तेलुगू दोन्ही लिप्यांत: तार व वाटप-पेट्या, पावसाळ्याच्या आधी व नंतर तपासणी, गच्चीची किल्ली तळमजल्यावर, काकूंपाशी.